अधिवेशन उठले, आमदार आले

मुंबईहून रेल्वेने जळगाव ४२० किलोमीटर आणि जळगावहून नागपूर ४१७. राज्याच्या दोन्ही विधानभवनांपासून इतके मधोमध असलेले जिल्ह्याचे ठिकाण क्वचितच सापडेल. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी नागपूरला. आमदार कुठूनही परतले तरी रात्रीच्या गाडीने पहाटे घरी. दुसऱ्या दिवशी जळगावच्या अजिंठा विश्रामगृहात किंवा धुळ्याच्या गुलमोहर विश्रामगृहात पत्रकार परिषद, चहा-बिस्किटे, टाइप केलेले प्रसिद्धिपत्रक. हौस आणि ऐपत असली तर आर्टपेपरवर छापलेली पुस्तिका: मुखपृष्ठावर नेते, मलपृष्ठावर आमदार, आत तारांकित प्रश्न किती, लक्षवेधी किती, औचित्याचे मुद्दे किती आणि निधी किती कोटी.

या पुस्तिकेला कोणी कार्यअहवाल म्हणतो, कोणी लेखाजोखा. ती नव्या जमान्यातल्या प्रचारतंत्राची कल्पना आहे असा समज आहे, पण कायदेमंडळात काय बोललो ते खान्देशातल्या माणसांना कळवण्याचा प्रघात सव्वाशे वर्षांचा आहे. फरक पडला तो काय कळवायचे यात.

१८९२च्या कायद्याने मुंबईच्या गव्हर्नरच्या कायदे कौन्सिलात काही जागा स्थानिक संस्थांच्या शिफारशीने भरायचे ठरले. खान्देश तेव्हा एकच अवाढव्य जिल्हा होता, मुख्य ठिकाण धुळे. पूर्व आणि पश्चिम अशी फाळणी १९०६ साली झाली. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक आणि खान्देश मिळून सरकारी मध्य विभाग. या विभागातल्या लोकल बोर्डांची जी एक जागा होती, तिच्यावर १८९५ साली बाळ गंगाधर टिळक निवडून गेले. म्हणजे धुळे-जळगावकडच्या बोर्डांतले मोजके सभासद हे टिळकांचे मतदार, आणि टिळक हे कागदोपत्री खान्देशचेही प्रतिनिधी. शाळेच्या पुस्तकात ही ओळ सहसा येत नाही.

कौन्सिलात सभासदाला करता येण्यासारखे फार थोडे होते. प्रश्न विचारता येई, पण उत्तरावर उपप्रश्न विचारायची परवानगी नव्हती. अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. टिळकांना या सभागृहाची मर्यादा ठाऊक होती, पण त्यांच्या हाताशी दुसऱ्या कोणा सभासदाकडे नसलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे ‘केसरी’. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी तिचा वापर कसा केला हे पाहण्यासारखे आहे. दुष्काळ संहितेप्रमाणे पीक बुडाले तर सारा तहकूब किंवा माफ होऊ शकतो, ही गोष्ट सरकारच्या इंग्रजी पुस्तकात होती. ‘केसरी’ने ती मराठीत सांगितली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या माणसांनी पत्रके घेऊन खेडी गाठली. सरकारला हे इतके झोंबले की मार्च १८९७मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. कायदा काय आहे आणि त्यातून तुला काय मागता येते, हे शेतकऱ्याच्या हातात देणे, एवढाच त्या पत्रकांचा गुन्हा. आजच्या गुळगुळीत पुस्तिकांत नेमके हेच पान नसते.

टिळकांनंतर १८९९ साली त्याच जागेवर गोपाळ कृष्ण गोखले आले. दोघांचे जमले नाही ही गोष्ट वेगळी, पण खान्देशच्या दृष्टीने गोखल्यांचा एक दिवस महत्त्वाचा. १९०१ साली सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. थकबाकीपोटी जप्त झालेली जमीन परत देताना ती विकता वा गहाण टाकता येणार नाही अशी अट घालायचा अधिकार सरकारला हवा होता. सावकाराच्या तावडीतून कुणब्याला वाचवायचे, हे कारण सांगितले गेले. विरोधकांचे म्हणणे असे की सारा भारी आहे हे झाकून सरकार सावकाराकडे बोट दाखवते. १८९९-१९००च्या दुष्काळाने खान्देश नुकताच पिचून निघालेला. फिरोजशहा मेहतांनी सभात्याग केला, त्यांच्यामागोमाग गोखलेही उठले. विधेयक अर्थातच मंजूर झाले. सभात्याग हा त्या काळी एवढा अपूर्व प्रकार होता की त्याची चर्चा वर्षानुवर्षे चालली. आज तो दिवसाला दोनदा होतो आणि अहवालात त्याची नोंदही कोणी करत नाही.

खरा हिशेब सुरू झाला तो १९३७पासून, आणि त्याची पूर्वपीठिका खान्देशातच तयार झाली होती. डिसेंबर १९३६मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी पोलीस खात्यातली नोकरी सोडून चळवळीत आलेले. अधिवेशनासाठी बांबू-चटयांचे टिळकनगर उभे करणाऱ्यांत ते पुढे होते. तिथे शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मंजूर झाला: सारा कमी, कर्जातून सुटका. दोनच महिन्यांनी प्रांतिक निवडणुका झाल्या. मत सर्वांना नव्हते, सारा भरणाऱ्या किंवा शिकलेल्या ठरावीक लोकांना होते, तरीही पूर्वीच्या मानाने मतदार कितीतरी पटींनी वाढले होते. जुलै १९३७मध्ये बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले.

फैजपुरात कबूल केलेले किती दिले, हा प्रश्न मग थेट खान्देशातूनच विचारला गेला, आणि तो विचारणारा विरोधक नव्हता. अमळनेरच्या शाळेतली नोकरी कधीच सोडलेले साने गुरुजी १९३८ साली ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक चालवू लागले. आपल्याच पक्षाचे सरकार मुंबईत काय करते आहे हे खेड्यातल्या वाचकाला समजेल अशा भाषेत सांगणे हे त्याचे काम. त्याच वर्षी पूर्व खान्देशात अतिवृष्टी झाली, पिके कुजली. गुरुजींनी शेतसारा माफीसाठी शेतकऱ्यांना उठवले आणि मोर्चे काढले ते आपल्याच सरकारच्या दारात. पक्षातल्या पुष्कळांना ते रुचले नाही. सरकारने त्या दोन-सव्वादोन वर्षांत काही केले नाही असे मात्र नाही. सत्याग्रहात जप्त झालेल्या जमिनी परत देण्याचा कायदा १९३८चा, शेतकरी कर्जनिवारणाचा १९३९चा. नोव्हेंबर १९३९मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

त्याच सभागृहात पूर्व खान्देशच्या राखीव जागेवर दौलत गुलाजी जाधव होते, डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे. या पक्षाची सभागृहातली भाषणे आणि विधेयके ‘जनता’ साप्ताहिकातून वाचकांपर्यंत जात. स्वतः डॉ. आंबेडकर नव्या विधानसभेचे सदस्य झाल्याला काही महिने होतात न होतात तोच, ३१ जुलै १९३७ रोजी, कोर्टाच्या एका कामासाठी धुळ्याला आले. लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात ते राहिले. अजूनही दरवर्षी ३१ जुलैला तिथे हजारो माणसे जमतात. वकिलीच्या कामाला आलेल्या एका आमदाराची भेट नव्वद वर्षे लक्षात ठेवणारा मतदार मिळणे ही भाग्याची गोष्ट आहे.

१ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. पूर्व खान्देशचा जळगाव आणि पश्चिम खान्देशचा धुळे जिल्हा झाला, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाला. नागपूर करारामुळे वर्षातले एक अधिवेशन नागपूरला भरू लागले आणि नकळत खान्देशच्या पिकांचे वेळापत्रक विधिमंडळाच्या वेळापत्रकाशी जुळून गेले. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलची केळी आडवी होते, म्हणून पावसाळी अधिवेशनात केळी. दिवाळीनंतर कापूस घरात येतो आणि भाव पडतो, म्हणून नागपुरात कापूस. उरलेले रस्ते, पाणी आणि नोकरभरती अर्थसंकल्पाला. जळगाव-धुळ्याच्या आमदाराची कोणतीही तीन वर्षांची प्रश्नांची यादी काढा, हा क्रम चुकणार नाही.

इथे आमदाराला ‘साहेब’ म्हणण्याची सवय उशिरा लागली. एकनाथ खडसे नाथाभाऊ, सुरेश जैन सुरेशदादा, चोपड्याचे अरुण गुजराथी अरुणभाई, शहाद्याचे पी. के. अण्णा, धुळ्याचे रोहिदास पाटील दाजी. भाऊ म्हटले की भांडायचा हक्क आपोआप येतो. अधिवेशनानंतर पहिल्या बाजाराच्या दिवशी आमदाराला चावडीवर गाठून ‘भाऊ, आमना पानीनं काय व्हयनं?’ असे विचारणारा म्हातारा हीच कितीतरी वर्षे खान्देशातली पत्रकार परिषद होती. त्याला नियम १०५ आणि नियम २९३ यांतला फरक माहीत नव्हता. कालव्याला पाणी सुटले की नाही, हे माहीत होते.

या भागाने विधानसभेला माणसेही मोठी दिली. वकिली करणाऱ्या प्रतिभा पाटील १९६२ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून निवडून आल्या आणि १९६७पासून १९८५पर्यंत एदलाबादच्या आमदार होत्या. १९७९-८०मध्ये विरोधी पक्षनेत्या. हेच एदलाबाद पुढे मुक्ताईनगर झाले. तिथून १९९०पासून खडसे निवडून येत राहिले आणि २००९ ते २०१४ ते विरोधी पक्षनेते होते. तापीकाठच्या एका टोकाच्या तालुक्यातून दोन विरोधी पक्षनेते, तेही दोन परस्परविरोधी पक्षांचे. विरोधी पक्षनेत्याच्या मतदाराला अहवालाची गरज फारशी पडत नाही. रोजच्या पेपरात पहिल्या पानावर अहवालच असतो. अडचण वेगळी: राज्यभरचे घोटाळे काढणाऱ्या माणसाला गावातल्या बंधाऱ्याबद्दल कधी विचारायचे?

त्याहून चमत्कारिक अवस्था अध्यक्षाच्या मतदाराची. धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव ऊर्फ बाळासाहेब चौधरी १९९० ते १९९५ विधानसभेचे अध्यक्ष होते, अरुणभाई १९९९ ते २००४. दोघेही जळगाव जिल्ह्याचे. अध्यक्षाला प्रश्न विचारता येत नाही, लक्षवेधी मांडता येत नाही, वादात बोलता येत नाही. डिसेंबर १९९१च्या नागपूर अधिवेशनात छगन भुजबळांच्या गटाने शिवसेना सोडली, तेव्हा ती फूट मान्य करण्याचा निर्णय बाळासाहेबांनी दिला आणि सारा महाराष्ट्र त्यावर बोलत राहिला. रावेर तालुक्यातल्या केळीवाल्याला मात्र त्या अधिवेशनात आपल्या आमदाराने एकही प्रश्न विचारला नाही, एवढेच दिसले असते. पाच वर्षे प्रश्नांची पाटी कोरी ठेवून लोकांसमोर जाणे सोपे नसते.

अहवालाचा नूर पालटला तो १९८०च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाने. सभागृहात बोलण्यासाठी निवडलेल्या माणसाच्या नावावर दरसाल काही रक्कम पडू लागली. ती वाढत वाढत २०२२मध्ये ५ कोटींवर गेली. व्यायामशाळा, सभामंडप, स्मशानभूमीचे शेड, काँक्रीटचा रस्ता, प्रत्येकावर फलक. पूर्वी आमदार येऊन सांगे की मी अमुक बोललो, मंत्र्याने तमुक कबूल केले. आता तो सांगतो की मी अमुक आणले. ‘आणले’ हे क्रियापद एकदा घुसले की कायदे, अर्थसंकल्प, कपात सूचना सगळे परिशिष्टात जाते. जिल्हा परिषदेच्या सभासदाने करायची कामे आमदार करतो आणि आमदाराने करायचे काम कोणी करत नाही, ही तक्रार खान्देशापुरती नाही. पण इथे ती अधिक बोचते, कारण इथले मोठे प्रश्न ५ कोटींत बसणारे नाहीत.

अमळनेर तालुक्यातल्या पाडळसे धरणाचेच घ्या. निम्न तापी प्रकल्पाला १९९९ साली पहिली प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती १४२ कोटी. २०२३च्या अखेरीस सुधारित मान्यता मिळाली ती सुमारे ४,८९० कोटींची. मधल्या काळात अमळनेरने डॉ. बी. एस. पाटील, साहेबराव पाटील, शिरीष चौधरी, अनिल पाटील असे चार आमदार पाहिले. भाजप झाला, अपक्ष झाले, राष्ट्रवादी झाली. पाडळसे कोणालाच टाळता आले नाही. लोकांनी जनआंदोलन समिती काढली, उपोषणे केली. दर अधिवेशनानंतर बातमी एकच: पाडळसेचा मुद्दा सभागृहात मांडला. मांडला हे खरेच. प्रश्न, लक्षवेधी, निवेदन, सगळी आयुधे वापरून झाली. धुळ्याकडे हीच जागा मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाची. रेल्वे हा विषय केंद्राचा, विधानसभेच्या कक्षेबाहेरचा. तरी धुळ्याच्या पुढाऱ्याचा हिशेब त्याशिवाय पुरा होत नसे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला मंजुरी दिली २ सप्टेंबर २०२४ रोजी, खर्च १८,०३६ कोटी.

सभागृहातले शब्द आणि शेतकऱ्याच्या खात्यातले रुपये यांतले अंतर मोजायचे असेल तर डिसेंबर २०१७ आठवावा. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. विदर्भाइतकाच जळगाव-धुळ्यातही. नागपूर अधिवेशनाच्या शेवटी कृषिमंत्री पांडुरंग फुंडकरांनी मदत जाहीर केली: कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपये. आमदार हा आकडा घेऊनच गाडीत बसले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही तोच आकडा मोठ्या टायपात. पण कोरडवाहूच्या ३०,८०० मध्ये तीन तुकडे होते. आपत्ती निधीतून ६,८००, पीकविम्यातून ८,०००, बियाणे कंपन्यांकडून १६,०००. विम्याचे पैसे विमा काढलेल्यालाच, तेही विम्याच्या अटींनी. बियाणे कंपन्यांनी देण्याची तयारी दाखवली नाही. हाती पडले ते मुख्यतः ६,८००, तेही हप्त्याहप्त्याने. सभागृहात कोणी खोटे बोलले नव्हते. बेरीज बरोबर होती, फक्त ती अजून कोणाच्या खिशातून निघायची ठरलेली नव्हती. लोकांना सांगताना ३०,८०० सांगायचे की ६,८००, यावर आमदाराच्या अहवालाची सगळी किंमत ठरते.

मंत्र्याने सभागृहात ‘करू’, ‘तपासून पाहू’, ‘निर्णय घेऊ’ म्हटले की ते आश्वासन ठरते आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. अंदाज समिती, लोकलेखा समिती, पंचायती राज समिती अशा आणखी समित्या जिल्ह्यांत फिरून कामे तपासतात. विधानसभेचे अर्धे खरे काम तिथे चालते आणि बाहेर कोणाला त्याची गंधवार्ता नसते. धुळ्याला ती लागली भलत्याच कारणाने. मे २०२५मध्ये अंदाज समिती दौऱ्यावर असताना माजी आमदार अनिल गोटे यांनी गुलमोहर विश्रामगृहातल्या एका खोलीबाहेर ठिय्या दिला, खोली उघडल्यावर १ कोटी ८४ लाखांची रोकड निघाली आणि सरकारला चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले. विधिमंडळाच्या समित्या नेमके करतात काय, हे त्या आठवड्यात धुळ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर पहिल्यांदाच विचारले गेले असावे.

आता पुस्तिकाही मागे पडते आहे. भाषणाची दोन मिनिटांची चित्रफीत, पाठीमागे ढोलताशा, आणि सभागृहातून बाहेर पडण्याआधीच ती गावच्या व्हॉट्सअॅप गटावर. बोलणे आणि कळवणे यांत पूर्वी रात्रीच्या गाडीचे अंतर होते, तेवढेही उरले नाही. पण चित्रफितीत आमदाराचा प्रश्न असतो, मंत्र्याचे उत्तर बहुधा कापलेले असते. खान्देशातल्या वीस आमदारांपैकी, म्हणजे जळगावचे अकरा, धुळ्याचे पाच आणि नंदुरबारचे चार, ज्या कोणाची चित्रफीत पुढच्या अधिवेशनानंतर तुमच्या मोबाइलवर येईल, त्याला परत एवढेच लिहून पाठवावे: भाऊ, उत्तर काय मिळाले तेही टाका. न टाकल्यास सभागृहाची कार्यवाही विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असते, आणि ती मराठीत असते.